मंगळवारची हनुवटी

आमच्या विभागात मला सगळे मिलिमीटर म्हणतात. तोंडावर नाही, पाठीमागे. पण आमच्याकडे पाठीमागे म्हणजे दोन फुटांवर, त्यामुळे ऐकू येतं. मला त्याचं वाईट वाटत नाही. सव्वीस वर्षं मी एकच काम करतोय. माणसाला टेबलावर निजवायचं, काल जसं निजवलं होतं अगदी तस्सं, मग बाहेर येऊन जाड दार लावायचं आणि किरणांचं मशीन सुरू करायचं. माणूस काल होता तिथे आज नसेल, तर किरण पडायला हवेत तिथे न पडता शेजाऱ्यावर पडतात. आणि डोकं-मानेच्या भागात शेजारी फार दाटीवाटीने राहतात. लाळेच्या ग्रंथी आहेत, स्वरयंत्र आहे, मज्जारज्जू आहे. तिथे तीन मिलिमीटरच्या पुढे मी कोणाचं ऐकत नाही.

म्हणून मास्क असतो. प्लॅस्टिकची जाळी गरम पाण्यात टाकली की मऊ पडते. ती चेहऱ्यावरून खांद्यापर्यंत ओढून टेबलाला अडकवायची, आणि दहा-पंधरा मिनिटांत ती कडक होते. तो त्या माणसाचा साचा. दुसऱ्या कोणाला बसत नाही आणि त्यालाही जरा वेडंवाकडं झोपलं तर बसत नाही. मास्क घालून स्कॅन काढतात, त्या स्कॅनवर डॉक्टर मॅडम आणि आमचे फिजिसिस्ट चार-पाच दिवस डोकं खपवून किरण कुठून किती द्यायचे ते ठरवतात. आणि एवढं सगळं जुळून आलं की टेबलावरचा माणूस म्हणतो, "भाऊ, जरा नाक खाजवून घेऊ का?"

ज्यांची ही गोष्ट आहे, त्या काकूंनी असलं काही विचारलं नाही. त्या बोलतच नव्हत्या. जिभेच्या कडेला कॅन्सर झाला होता, ऑपरेशन करून तेवढा तुकडा आणि डाव्या बाजूच्या मानेतल्या गाठी काढल्या होत्या. त्यामुळे बोलणं बोबडं झालं होतं. चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेलेल्या बाईला बोबडं बोलणं खपणार नव्हतं. त्या वहीत लिहायच्या. पहिल्या दिवशी माझी वाट बघता बघता त्यांनी आमच्या भिंतीवरच्या सूचनाफलकात पेन्सिलीने तीन दुरुस्त्या केल्या होत्या. फलक मी लिहिलेला होता. मला ही बाई तिथेच आवडली, आणि थोडा रागही आला.

मास्क करायच्या दिवशी मी नेहमीप्रमाणे सांगितलं, "काकू, केस मोकळे सोडा." त्यांचे केस लांब होते, मागे लहानसा घट्ट अंबाडा बांधलेला. आमचा नियम असा की डोक्याखाली केसांची गाठ नको, कारण गाठ म्हणजे दुसरी उशी. काकूंनी वहीत लिहिलं, "केस सोडून मी परक्या पुरुषासमोर झोपत नाही." आणि खाली एक रेघ मारली.

माझ्या कामातल्या जोडीदार त्या दिवशी रजेवर होत्या. त्यांना सगळे वहिनी म्हणतात. त्या कोणाच्या भावाची बायको आहेत हे विभागात कोणालाच माहीत नाही. त्या असत्या तर मी बाहेर गेलो असतो आणि त्यांनी केस सोडायला लावले असते. मी एकटा, समोर सदुसष्ट वर्षांची बाई, गळ्यावर टाक्यांची ताजी रेघ आणि वहीत ती दुसरी रेघ. "बरं," म्हटलं, "पिना तेवढ्या काढा." पिना काढल्या. अंबाडा तसाच राहिला. मास्क छान बसला. इतका छान की मी स्वतःवर खूश झालो.

एकूण तीस वेळा किरण द्यायचे होते, सोमवार ते शुक्रवार, सहा आठवडे. दर वेळी मशीन सुरू करायच्या आधी आम्ही टेबलावरच एक प्रतिमा काढतो आणि मूळ स्कॅनशी ताडून पाहतो. जुळलं तर पुढे जायचं, नाही जुळलं तर मास्क काढून पुन्हा निजवायचं. पहिला सोमवार जुळला. मंगळवारी हनुवटी पाच मिलिमीटर वर.

पाच! मी पडद्याकडे बघितलं, मग वहिनींकडे. त्या म्हणाल्या, "माझ्याकडे काय बघता?" काकूंना उठवलं, पुन्हा निजवलं. साडेचार. पुन्हा उठवलं. पंधरा मिनिटांच्या कामाला पाऊण तास लागला, बाहेर रांग तुंबली, आणि तेव्हा कुठे ओढूनताणून अडीचवर आलं. बुधवारी काकू आल्या, निजल्या, एका झटक्यात जुळलं. गुरुवारी पुन्हा पाच.

मी सगळ्यांचं डोकं खाल्लं. भिंतीवरचे लेझर तपासायला लावले, टेबल तपासायला लावलं. फरशी पुसणाऱ्यांना विचारलं की मंगळवारी आणि गुरुवारी तुम्ही उशीला हात लावता का. त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं ती मी इथे लिहीत नाही. फिजिसिस्ट सरांना म्हटलं, "तुम्ही मंगळवारी सकाळी मशीनची तपासणी करता. काहीतरी हलवता तुम्ही." सर शांत माणूस. ते म्हणाले, "मशीन वार पाळत नाही हो."

दुसऱ्या मंगळवारी तीनदा निजवूनही जुळलं नाही. मी म्हटलं, मास्क जरा दाबून बसवतो. डॉक्टर मॅडम येऊन पडद्याकडे बघत उभ्या राहिल्या. "दाबून नको. मान बदललीय, नुसती हनुवटी नाही. आज राहू दे." गुरुवारीही तेच झालं. दोन खाडे पडले.

मॅडमनी मला त्यांच्या खोलीत बोलावून सांगितलं, आणि त्या आवाज कधी चढवत नाहीत म्हणून मी नीट ऐकलं. "एक-दोन खाडे भरून काढता येतात. आठवडाभराचे झाले तर ऑपरेशन करून मिळवलेलं हातचं जाईल. मागे उरलेल्या पेशी थांबून राहत नाहीत. मला त्यांची मान रोज एका जागी हवी. कशी आणायची ते तुम्ही बघा." मी "हो" म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

शोध लावला तो वहिनींनी. शुक्रवारी काकू टेबलावरून उतरत होत्या, आणि वहिनी माझ्या कानाशी म्हणाल्या, "अहो, आज वेणी आहे."

"कसली वेणी?"

"काकूंची. घट्ट वेणी घालून वर गुंडाळलीय. सोमवारीही तशीच होती. काल मानेवर सैल अंबाडा होता, मंगळवारीही. सोमवार, बुधवार, शुक्रवार थोरली मुलगी आणते. मंगळवार, गुरुवार धाकटी. ज्या दिवशी जी आणते ती केस बांधते."

दोन आठवडे मी त्या डोक्याच्या मागे हात घालत होतो आणि मला हे दिसलं नव्हतं. सैल अंबाडा मानेच्या खाचेत बसला की मान उचलली जाते आणि हनुवटी वर जाते. साधी गोष्ट! थोरलीची गुंडाळी नेमकी त्या पहिल्या अंबाड्याच्या जागी यायची, म्हणून तिचे वार जुळायचे. मी वहिनींना म्हटलं, "आधी का नाही सांगितलंत?" त्या म्हणाल्या, "तुम्ही लेझर तपासत होतात ना."

त्याच दुपारी दोन्ही मुलींना बोलावलं. दोघी आल्या आणि बाकाच्या दोन टोकांना बसल्या, मध्ये काकू. बहिणी एकमेकींशी बोलत नाहीत हे मला तेव्हा कळलं. वडिलांच्या आजारपणात कोणीतरी कोणालातरी "आता आलीस होय" म्हणालं होतं. त्याला सहा वर्षं झाली. मला नंतर दोघींनी आपापली हकिगत सांगितली आणि दोन्ही खऱ्या वाटल्या.

मी समजावून सांगितलं. उशी, गाठ, मान, हनुवटी. शेवटी म्हटलं, "तेव्हा यापुढे रोज थोरल्या ताईंनीच केस बांधावेत."

धाकटी म्हणाली, "म्हणजे चुकलं ते माझंच."

"चुकलं असं नाही..."

"नाही कसं? तिचं बरोबर, माझं चूक. घरातही तेच, इथेही तेच. तिनं सांगितलं ना तुम्हाला हे?"

"मी काही बोलले का?" थोरली माझ्याकडे बघत म्हणाली. "तिला विचारा, मी एक शब्द तरी बोलले का?"

"बोलायला कशाला हवं? चेहरा आहे की."

तेवढ्यात काकू उठल्या. त्यांनी वेणीची गुंडाळी सोडली, रबर तोंडात धरायला गेल्या, तोंड दुखलं म्हणून मनगटात घातलं. उजवा हात मागे गेला. डावा हात कानापर्यंत आला आणि तिथेच थरथरत राहिला. त्यांनी खांदा वाकडा केला, मान खाली घातली, उजव्या हाताने डावं कोपर धरून वर ढकललं. हात पुढे गेला नाही. मानेचं ऑपरेशन झालं की कधी कधी खांद्याची शीर दुखावते आणि हात वर जात नाही. हे मला माहीत आहे. बाकावरच्या दोघींना माहीत नव्हतं.

"आई," धाकटी म्हणाली, "तू तर म्हणालीस माझ्या हातचे केस बांधलेले तुला बरे वाटतात."

थोरली म्हणाली, "मलाही तसंच म्हणाली."

काकूंनी वही घेतली. "मास्कच्या दिवशी मी स्वतः बांधले होते. तासभर लागला. टेबलावर कोपर टेकवून. मग रोज जमेना." आणि थोड्या वेळाने, "कळलं असतं तर माझ्यावरून भांडला असतात. मला एकटीला राहू दिलं नसतंत."

बोलायला हवं होतं ते मी, पण मला असल्या वेळी काही सुचत नाही, आणि सुचत नाही म्हणून मी चिडतो. बाहेर अकरा माणसं खोळंबली होती. मी म्हणालो, "केसच नसते तर एवढं रामायण झालं नसतं." आणि आत निघून गेलो.

सोमवारी तिघी एकत्र आल्या. दोघी बहिणींचे चेहरे इतके खुलले होते की मला वाटलं काहीतरी चांगलं घडलंय. काकूंच्या डोक्यावर स्कार्फ होता. थोरलीने तो काढला.

केस नव्हते. म्हणजे बोटभर होते, शाळेतल्या मुलासारखे, एका बाजूला थोडे जास्त.

"काल आम्ही दोघींनी मिळून कापले," धाकटी म्हणाली. "भाऊ, तुम्ही म्हणाला होतात ना. आई लगेच हो म्हणाली. उजवी बाजू हिनं कापली, डावी मी."

सहा वर्षांत त्या दोघींनी एकत्र केलेलं ते पहिलं काम होतं. मी काकूंना टेबलावर निजवलं आणि मास्क घातला. तो अंबाड्यासकट घेतलेला मास्क होता. आता डोकं उशीत खाली गेलं, आणि कपाळ आणि जाळी यांच्यात माझी दोन बोटं आरामात गेली. काकूंनी आत मान डावीकडे वळवून दाखवली, मग उजवीकडे. त्यांना वाटलं, सोय झाली.

मॅडम आल्या. "नवा मास्क, नवं स्कॅन, योजना नव्याने. गुरुवारपर्यंत होईल?" फिजिसिस्ट सर म्हणाले, "दिवसरात्र बसलो तर होईल." म्हणजे आणखी तीन खाडे, आधीचे दोन, मिळून पाच. मॅडम म्हणाल्या, "दर शुक्रवारी दोनदा देऊ, सकाळी आणि सहा तासांनी, आणि शेवटी एक शनिवार घेऊ. त्यात हे पाच भरून निघतील. सहावा निघणार नाही." मग त्यांनी मास्कच्या दिवसाचा कागद मागितला.

त्या कागदावर आम्ही सगळं लिहितो. उशी कोणती, खांदे किती खाली, दाताची कवळी आहे का. त्यात एक रकाना असतो, "केस". हा रकाना सहा वर्षांपूर्वी मीच घालायला लावला होता, भांडून. काकूंच्या कागदावर तो कोरा होता. नियम मोडला म्हणून काय लिहावं ते कळलं नव्हतं, म्हणून काहीच लिहिलं नव्हतं. "अंबाडा, डोक्याच्या मध्यावर" असे तीन शब्द लिहिले असते तर पहिल्याच मंगळवारी उलगडा झाला असता.

"हा मी भरलेला नाही," मी म्हणालो.

"दिसतंय," मॅडम म्हणाल्या. सव्वीस वर्षांत मी कितीतरी लोकांना असल्या कोऱ्या रकान्यांवरून बोललोय. त्यांच्या जागी उभं राहिल्यावर कसं वाटतं ते मला माहीत नव्हतं. फार वाईट वाटतं.

नवा मास्क लगेच करायला घेतला. काकू घाबरल्या होत्या, म्हणून मुलींना आत उभं राहू दिलं. जाळी गरम पाण्यातून काढली, वहिनींनी एक बाजू धरली, मी दुसरी, आणि ओढून अडकवली. आता ती कडक होईपर्यंत मला हनुवटीखाली आणि नाकाच्या दोन बाजूंना बोटं दाबून उभं राहायचं होतं. दोन्ही हात गुंतलेले. मागे धाकटी रडायला लागली होती.

"तीन दिवस गेले. माझ्यामुळे. कात्री मी आणली."

"कापूया मी म्हटलं," थोरली म्हणाली. "तू कशाला स्वतःला..."

मला ते ऐकवेना. मी मागे न वळता म्हणालो, "तुमची दोघींची काही चूक नाही. ना वेणीची, ना अंबाड्याची, ना कात्रीची. चूक माझी आहे. पहिल्या दिवशी केसांची नोंद मी करायची होती. केली नाही. आणि ते केस नसते तर वगैरे मी चिडून बोललो. बोलायला नको होतं."

धाकटीचं रडणं थांबलं. मला वाटलं, चला, सुटलो.

"म्हणजे?" थोरली म्हणाली. "तुम्हाला माहीत होतं?"

"माहीत असं नाही, पण..."

"शुक्रवारी रात्रभर मी झोपले नाही," धाकटी म्हणाली. "माझ्या हाताला काही वळण नाही, असं वाटत होतं मला. आणि यांनी कागदच भरला नव्हता!"

"वर आम्हाला वर्गात उभं केल्यासारखं समोर बसवून शिकवत होते."

"मान अशी, हनुवटी तशी."

"भिंतीवर एवढी मोठी पाटी लावलीय, सूचना पाळा म्हणून."

"पाटीसुद्धा आईनं दुरुस्त केलेली!"

एकीचं वाक्य संपायच्या आत दुसरी उचलत होती. सहा वर्षांचं साठलेलं सगळं माझ्या डोक्यावर येत होतं, आणि मला जाताही येत नव्हतं, कारण माझे हात काकूंच्या चेहऱ्यावर होते. वहिनी समोर उभ्या होत्या, जाळीकडे बघत, मूग गिळून. "माणसाला वयाची तरी चाड हवी," थोरली म्हणाली. "चाड कसली, साधा चष्मा हवा," धाकटी म्हणाली.

तेव्हा माझ्या बोटांना काहीतरी जाणवलं. जाळीखाली गाल वर सरकत होते. मी खाली बघितलं. काकू हसत होत्या. आवाज नाही, ओठ मिटलेले, पण सगळा चेहरा हसत होता, आणि घशातून बारीक हिसके येत होते.

"काकू, हलू नका," वहिनी म्हणाल्या. काकूंनी हलणं थांबवलं. हसणं थांबवलं नाही. मास्क कडक झाला.

त्याच अवस्थेत स्कॅन झालं, सर कामाला बसले, आणि गालांचं कोणाच्या लक्षात आलं ते बुधवारी, योजना तयार झाल्यावर. मॅडमनी स्कॅन दोनदा बघितलं. हाडं जागेवर, जबडा जागेवर, मान उत्तम. फक्त गाल वर. "पुन्हा मास्क केला तर सहावा खाडा," त्या म्हणाल्या. "नको. हाच वापरू." गुरुवारी काकूंना निजवलं. गंभीर चेहऱ्याने निजल्या तर गालांपाशी मास्क ढिला आणि हनुवटी साडेतीन मिलिमीटर इकडेतिकडे. मॅडम म्हणाल्या, "काकू, रोज हसावं लागेल." भरपूर पाणी प्या, या सुरात म्हणाल्या.

आता टेबलावर, डोक्यावर मशीन, समोर जाळी, अशा वेळी हसू कुठून येणार? काकूंनी प्रयत्न केला. नुसते ओठ ताणले की गाल वर येत नाहीत. वहिनींनी त्यांच्या शेजारणीची एक गंमत सांगितली. मी एक विनोद सांगितला, त्याने काकू आणखी ताठ झाल्या. मग त्यांनी बोटाने हवेत लिहून वही मागितली. "मुलींना बोलवा. त्यांना तुम्हाला सुनावू दे."

मी बोलावलं. दोघींना जरा अवघडल्यासारखं झालं. मुद्दाम कसं बोलायचं? मग धाकटीला आठवलं की मी सकाळी त्यांना वीस मिनिटं ताटकळत ठेवलं होतं. तिने सुरुवात केली, थोरलीने उचललं, आणि काकूंचे गाल हळूहळू वर आले, जाळीला टेकले. मी क्लिपा लावल्या. पडद्यावर सगळीकडे शून्य. पाऊण मिलिमीटरसुद्धा नाही. मला सव्वीस वर्षांत इतका चांगला मेळ फार थोड्या वेळा मिळालाय.

त्यानंतर बहिणी रोज एकत्र येऊ लागल्या. एकीच्या बोलण्याने काम होत नसे, हे आम्ही करून बघितलं होतं. त्या येताना रस्त्यात ठरवून यायच्या, आज कशावरून बोलायचं ते. माझी चाल, माझं घड्याळ, माझा डबा खाताना होणारा आवाज. आम्ही बाहेर गेल्यावरही हसू टिकावं म्हणून मी त्यांना पडद्यापाशी बसवून माइक दिला. हे नियमात नाही. या वेळी मात्र मी ते कागदावर लिहिलं, मॅडमची सही घेतली, आणि मग माइक दिला. शेजारच्या मशीनवरचे लोक काम नसताना ऐकायला येऊन उभे राहायचे. मी काही बोललो नाही.

पण किरण आपलं काम करतात आणि त्यासोबत दुसरंही करतात. चौथ्या आठवड्यात काकूंच्या तोंडात फोड आले. पाचव्यात गिळता येईना, नाकातून नळी घातली. मान काळी पडून सोलवटली. वजन उतरलं, मास्क पुन्हा थोडा सैल झाला, आणि आता हसू नुसतं हवं होतं असं नाही, आधीपेक्षा मोठं हवं होतं. हसलं की ओठांच्या कडा फाटायच्या. काकू तरी हसत होत्या.

पाचव्या आठवड्याच्या शुक्रवारी दुसऱ्या वेळेला आम्ही त्यांना निजवलं. त्या दिवशी सकाळी एकदा झालं होतं. सहा तास त्या तिथेच बाकावर पडून होत्या. मी मास्क हातात धरला आणि मुलींकडे बघितलं. दोघी गप्प.

"बोला," मी म्हणालो.

धाकटी म्हणाली, "आज नको. तिला किती दुखतंय बघा. आज तसंच करा ना."

"तसंच होत नाही. नाही जुळलं तर सोडावं लागेल. आता एकही सोडायचा नाही."

"मग काय बोलू?"

"काहीही. सव्वीस वर्षं काम करून एक रकाना भरता आला नाही. तिथून सुरू करा."

धाकटीने तोंड उघडलं. "सव्वीस वर्षं," ती म्हणाली, आणि तिचा आवाज फुटला. ती थोरलीकडे वळली. "ताई, तू बोल. मला नाही जमत." थोरलीने तिचा हात धरला. आणि सुरू केलं, कोरड्या आवाजात, शब्द शोधत. म्हणाली, या माणसाला साधं बाईच्या डोक्यावर केस आहेत हे दिसत नाही. म्हणाली, याच्या घरचे याला कसे सहन करतात. म्हणाली, आई, हा माणूस रोज शिव्या खायला इस्त्री करून कपडे घालून येतो, बघ.

काकूंनी डोळे मिटले होते. दोन्ही डोळ्यांतलं पाणी कानांकडे चाललं होतं. आणि गाल हलले. थोडे, मग आणखी थोडे. ओठाच्या कडेची भेग उघडली, रक्ताचा एक ठिपका आला, वहिनींनी तो टिपला, पण गाल खाली आले नाहीत. जाळीला येऊन टेकले. मी क्लिपा लावल्या, एक एक करून, आणि आम्ही सगळे बाहेर आलो. दार लावलं. थोरली माइकपाशी बसली.

प्रतिमा आली. मला आकडे नीट दिसेनात. मी डोळे पुसले, तरी दिसेनात. ही बाई ओठ फाटेस्तोवर हसतेय आणि मी तिचा एक रकाना कोरा ठेवला होता, एवढंच डोक्यात येत होतं. वहिनींनी माझ्याकडे न बघता आकडे वाचून दाखवले, "शून्य. शून्य. शून्य."

मी मशीन सुरू केलं. माइकवर थोरली अजून मला बोलत होती, आणि धाकटीही सामील झाली होती.